एका फुंकरीत दोन सप्तकं



या खेपेला आपल्या सदरासाठी एक वेगळंच पत्र आलंय. नववीत शिकणारी एक वाचक मैत्रीण लिहिते, "बाई, मी तीन वर्षं माउथ ऑर्गन वाजवते. स्नेहसंमेलनात माइकवर वाजवते, पण आवाज बारीकच वाटतो. माझ्या मामेभावाच्या गिटारला एक पेडल आहे. पायानं दाबलं की गिटारच्या सुराबरोबर खालचा जाड सूरही वाजतो. तसं पेडल मला घ्यायचंय. दुकानात तीन प्रकार दाखवले. भाऊबिजेचे आणि बक्षिसाचे पैसे साठवलेत, उरलेले बाबा घालणार आहेत. ते म्हणतात, एकदाच घेऊ, पण नीट ठरवून सांग. मी कोणतं घेऊ?"

तिचं नाव मुद्दामच छापत नाही. मामेभावाला अजून पत्ता लागलेला नाही म्हणे!

प्रश्न झकास आहे आणि बाबांचं म्हणणंही रास्त आहे. अशा पेडलला 'ऑक्टेव्ह पेडल' म्हणतात. त्याला काही हजार रुपये पडतात. तेवढे पैसे घालायचे तर आधी ते यंत्र करतं तरी काय, हे कळायला हवं. चला तर, पेडलचं पोट उघडून बघू. स्क्रू न काढता, हं!

पेटीची आठवण

शाळेच्या प्रार्थनेला वाजते ती पेटी तुम्ही पाहिली आहे. तिच्यावर मधला सा दाबा आणि मग वरचा, तार सप्तकातला सा दाबा. सूर वेगळे, तरी नाव एकच. असं का? सूर म्हणजे हवेची कंपनं. वरच्या सा ची कंपनं मधल्या सा च्या बरोबर दुप्पट असतात. खालच्या, मंद्र सप्तकातल्या सा ची निम्मी. समजा एका सुराची कंपनं सेकंदाला ४४० आहेत, तर एक सप्तक खाली तोच सूर २२० कंपनांचा आणि दोन सप्तकं खाली ११० कंपनांचा होतो. आपण सा ते नी असे सात सूर मोजतो म्हणून आपलं 'सप्तक'. इंग्रजीत वरचा सा धरून आठ मोजतात म्हणून त्यांचा 'ऑक्टेव्ह'. गोष्ट एकच.

आता गंमत पाहा. काही पेट्यांना 'कपलर' असतो. तो लावला की एक पट्टी दाबल्यावर तिची दुसऱ्या सप्तकातली जोडीदार पट्टी आपोआप खाली जाते. बोट एक, सूर दोन! लगेच पेटी भरदार वाटू लागते. ऑक्टेव्ह पेडल म्हणजे विजेवर चालणारा कपलरच समजा. आणि पेटी व माउथ ऑर्गन तर बहिणी-बहिणीच. दोघींच्या पोटात पितळेच्या बारीक पत्त्या, म्हणजे रीड असतात आणि हवेनं त्या थरथरल्या की सूर निघतो.

माइकची मूठ

माउथ ऑर्गन बनवणारी प्रसिद्ध होनर कंपनी १८५७ साली जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी सुरू झाली. तिथून हे खिशात मावणारं वाद्य जगभर गेलं. आपल्याकडे १९६४ सालच्या 'दोस्ती' चित्रपटातला माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता आणि १९७५ सालच्या 'शोले'तली ती संध्याकाळची उदास धून भानू गुप्ता यांनी. आई-बाबांना विचारा, लगेच गुणगुणून दाखवतील.

पण माउथ ऑर्गनला विजेचा आवाज मिळाला तो मुख्यतः अमेरिकेतल्या शिकागो शहरात. तिथल्या ब्लूज संगीतात लिटल वॉल्टर नावाचा एक तरुण वादक होता. गिटार आणि ड्रमच्या गलक्यात आपला सूर हरवतो, म्हणून तो माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही एकाच ओंजळीत घट्ट धरून वाजवू लागला. माइक अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला. त्यामुळे आवाज जाड, खरखरीत आणि दमदार झाला. १९५२ साली त्याची 'ज्यूक' ही धून अमेरिकेत खूप गाजली. तेव्हा त्याच्याजवळ ऑक्टेव्ह पेडल नव्हतं. म्हणजे मैत्रिणी, आवाज भरदार करण्याची पहिली पायरी तुझ्या ओंजळीत आहे. माइक लांब ठेवून वाजवत असशील, तर आधी तो ओंजळीत धरून बघ. निम्मं काम तिथंच होईल.

पेडल मोजतं कसं?

कवायतीच्या तासाला आम्ही मुलांना रांगेत 'एक-दोन, एक-दोन' म्हणायला लावतो. आता समजा सांगितलं की ज्यांचा आकडा 'एक' येईल त्यांनीच टाळी वाजवायची. मुलं ४४०, पण टाळ्या किती? २२०! जुन्या पद्धतीचं पेडल नेमकं हेच करतं. सुराच्या लाटा मोजतं आणि एक सोडून एक लाटेला टाळी देतं. झालं, सूर एक सप्तक खाली आला. त्या टाळ्या पुन्हा एकाआड एक मोजल्या की सूर दोन सप्तकं खाली.

पण कवायतीत दोन रांगा एकमेकींत घुसल्या तर? मोजणाऱ्याचा गोंधळ उडतो. पेडलचंही तसंच होतं. दोन सूर एकदम आत गेले की ते कधी याची लाट मोजतं, कधी त्याची आणि बाहेर येतो गुळण्या केल्यासारखा आवाज. म्हणून अशा पेडलला आपण 'एकस्वरी' म्हणू. जपानच्या बॉस कंपनीचं १९८२ सालचं 'ओसी-२' हे या जातीचं नामांकित पेडल. त्याचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली, जुनी मात्र विकत मिळतात.

दुसरी जात 'बहुस्वरी'. यात छोटा संगणक असतो. तो आलेल्या आवाजाचे आकडे करतो, त्यातले सूर वेगवेगळे हाताळतो आणि सगळ्यांना एकत्र खाली किंवा वर नेतो. दोन-तीन सूर एकदम वाजवले तरी तो गोंधळत नाही. अमेरिकेच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीनं २००५ साली आणलेलं 'पॉग' हे या जातीतलं प्रसिद्ध पेडल. 'मायक्रो पॉग' हे त्याचं धाकटं भावंड. त्यावर तीनच बटणं: मूळ सूर, खालचं सप्तक आणि वरचं सप्तक. बॉसच्या २०२० सालच्या 'ओसी-५' मध्ये तर एकस्वरी आणि बहुस्वरी दोन्ही पद्धती आहेत. खटका सरकवला की जात बदलली.

मग बहुस्वरीच घ्यावं, असं वाटेल. थांबा. एकस्वरी पेडलचा खालचा सूर ठसठशीत आणि जरा रांगडा असतो. बहुस्वरीचा मऊ, चर्चमधल्या ऑर्गनसारखा. कुणाला हा आवडतो, कुणाला तो. त्यामुळे पहिला प्रश्न पेडलला विचारायचाच नाही. तो आपल्या बाजाला विचारायचा.

तुझा बाजा कोणता?

आपल्याकडे बाजारात पुष्कळदा मिळतो तो २४ भोकांचा, दोन ओळींचा माउथ ऑर्गन. त्याला 'ट्रेमोलो' म्हणतात. त्यात प्रत्येक सुराला दोन पत्त्या असतात आणि त्या मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या असतात. म्हणून त्याचा आवाज लाटेसारखा हलतो. ऐकायला गोड, पण मोजणाऱ्या पेडलला ही डोकेदुखी! सूर एकच वाजवला तरी आत दोन रांगा शिरतात. तुझा बाजा ट्रेमोलो असेल, तर एकस्वरी पेडल घेऊ नकोस.

दुसरा १० भोकांचा छोटा बाजा. लिटल वॉल्टरचा प्रसिद्ध बाजा हाच. प्रत्येक भोकात दोन पत्त्या असतात, पण एक फुंकताना वाजते आणि दुसरी ओढताना. सूर स्वच्छ मिळतो. यावर एका वेळी एकच भोक नीट वाजवता येत असेल, तर दोन्ही जातीची पेडलं चालतील. शेजारच्या भोकाचा सूर अजून मध्ये डोकावत असेल, तर एकस्वरी पेडल ती चूक झाकणार नाही, उलट चव्हाट्यावर मांडेल!

पट्टीचाही विचार करा. पांढरी एकच्या, म्हणजे 'सी' च्या १० भोकांच्या बाजात पहिल्या भोकात फुंकलं की सुमारे २६२ कंपनांचा सूर येतो. एक सप्तक खाली तो १३१ होतो आणि दोन सप्तकं खाली साधारण ६५. इतका खालचा सूर लहान अ‍ॅम्प्लिफायरच्या पाच-सहा इंची स्पीकरमधून धड निघतच नाही, नुसती घरघर येते. म्हणून लहान अ‍ॅम्प्लिफायर असेल तर 'दोन सप्तकं खाली' या सोयीसाठी जास्त पैसे मोजू नका. आणि पेडल लावायचं असेल तेव्हा उंच पट्टीचा बाजा घ्या, पांढरी दोन किंवा पांढरी चारचा. उंच सूर मोजणं पेडलला सोपं जातं आणि खालचा सूरही स्वच्छ येतो.

वरच्या सप्तकाचं काय? माउथ ऑर्गन मुळातच उंच आवाजाचा. त्यात आणखी वरचा सूर मिसळला की कानाला टोचतो आणि स्पीकर जवळ असेल तर माइक शिट्टी मारू लागतो. वरच्या सप्तकाचं बटण असलं तरी ते अगदी चिमूटभर वापरायचं. भाजीत हिंग घालतो ना, तेवढं.

दुकानातल्या पाच परीक्षा

दुकानदार बहुधा गिटार लावून पेडल दाखवेल. ते ऐका, पण त्यावर निर्णय घेऊ नका. गिटारची तार छेडली की सूर एकदम मोठ्यानं सुरू होतो आणि हळूहळू विरतो. फुंकरीचा सूर हळूच उमलतो आणि श्वास असेपर्यंत टिकतो. दोघांचा स्वभावच वेगळा. तेव्हा स्वतःचा बाजा आणि स्वतःचा माइक बरोबर न्या आणि या पाच परीक्षा घ्या.

१. लांब सूर : चौथ्या भोकात अगदी हळू फुंका आणि आवाज वाढवत न्या. खालचा सूर लगेच सोबतीला येतो का? की अडखळत, उशिरा येतो?

२. मींड : चौथ्या भोकात हवा ओढून सूर खाली वाकवा. खालचा सूरही त्याच्यासोबत वाकला पाहिजे, मध्येच उडी मारता कामा नये.

३. तीन सूर : १, २, ३ ही भोकं एकदम फुंका. सा-ग-प मिळतील. एकस्वरी पेडल इथं गडबडणारच. ती गडबड तुमच्या गाण्यात चालेल का, ते ठरवा.

४. जलद सूर : येत असलेल्या गाण्याचा सगळ्यात वेगवान तुकडा वाजवा. खालचा सूर मागे रेंगाळतो का ते ऐका.

५. शांतता : वाजवणं थांबवा, माइक हातात राहू द्या. पेडल गुणगुणतंय का? नंतर पेडल बंद करून वाजवा. तुमचा नेहमीचा आवाज जसाच्या तसा परत मिळाला पाहिजे.

बटणं फिरवताना मूळ सूर नेहमी मोठा ठेवा आणि खालचा त्याच्या सावलीसारखा. सावली माणसापेक्षा मोठी झाली की समजा संध्याकाळ झाली! म्हणूनच मूळ सूर आणि खालचा सूर यांची बटणं वेगवेगळी असलेलं पेडलच घ्या.

जोडणीची एक गोष्ट तर दुकानदारही विसरतात. शाळेतल्या भाषणाच्या माइकला तीन पिनांची वायर असते. पेडल गिटारसाठी बनवलेलं, त्याला एका दांड्याची पावइंची पिन लागते. नुसती पिन बदलून काम होत नाही, आवाज मरतुकडा येतो. मध्ये 'इम्पिडन्स' जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. त्याचे पैसे आधीच हिशेबात धरा. आणि संमेलनात अ‍ॅम्प्लिफायर न नेता थेट सभागृहाच्या यंत्रणेला पेडल जोडणार असाल, तर साउंडवाल्या काकांकडे 'डी.आय. बॉक्स' आहे का ते दोन दिवस आधी विचारून ठेवा.

जिभेचा कपलर

आता एक गुपित सांगते. १० भोकांच्या बाजात ऑक्टेव्ह आधीच दडलेला आहे! ओठांत १ ते ४ ही चार भोकं धरा. जीभ पुढे आणून मधली २ आणि ३ झाका. आता फुंका. पहिल्या भोकातून सा येईल आणि चौथ्यातून त्याच्याच वरचा सा. दोन सप्तकं, एक फुंकर, खर्च शून्य! तसंच २ आणि ५ फुंकून ग मिळतो, ३ आणि ६ फुंकून प. ओढताना १ आणि ४ मध्ये रे मिळतो, पण २ आणि ५ ओढलीत तर जोडी जमत नाही, कारण तिथं प आणि म शेजारी येतात. पुढे ओढताना तीन भोकं झाकावी लागतात. ३ आणि ७ वर नी ची जोडी आहे, ४ आणि ८ वर रे ची.

पहिले काही दिवस जीभ कुठं जाते तेच कळत नाही. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं दिलीत की जमू लागतं. शिवाय दोन पत्त्या मुद्दाम एका सप्तकाच्या अंतरानं लावलेले 'ऑक्टेव्ह' माउथ ऑर्गनही मिळतात, पेडलशिवायचे!

मग पेडल कशाला? जिभेनं मिळतो तो बाजात असलेलाच सूर. बाजाच्या पहिल्या भोकाखाली जायचं तर तिथं पत्तीच नाही. तिथं पेडल लागतं. शिवाय मींड घेताना खालचा सूर सोबत हवा असेल, तर ते जिभेला जमत नाही. म्हणजे पेडल हे न येणारं वादन झाकायचं पांघरूण नाही. बाजात नसलेलं सप्तक आणून देणं, हे त्याचं काम.

तर मैत्रिणी, माझं उत्तर ऐक. तुझा बाजा २४ भोकांचा असेल, तर पेडलचे पैसे तूर्त ठेव. त्यातल्या थोड्या पैशांत १० भोकांचा एक चांगला बाजा घे. तो असेल आणि एकेक सूर स्वच्छ येत असेल, तर एकस्वरी आणि बहुस्वरी दोन्ही पद्धती असलेलं पेडल घे, म्हणजे पुढे आवड बदलली तरी ते अडगळीत जाणार नाही. तेवढं बजेट नसेल आणि तुला दोन-तीन सूर एकदम वाजवायला आवडत असेल, तर साधं तीन बटणांचं बहुस्वरी पेडल पुरेसं आहे. आणि तिसऱ्या-चौथ्या परीक्षेत जे पेडल तुझ्या कानाला खटकलं, ते कितीही स्वस्त मिळालं तरी दुकानातच राहू दे.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांनी पेडल मागितलं की "आधी नीट वाजवायला शीक" असं आपण पटकन म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण ते वाक्य दार लावून घेतं. त्याऐवजी "आधी जिभेनं ऑक्टेव्ह काढून दाखव, मग दुकानात जाऊ" असं म्हटलंत, तर तेच वाक्य दार उघडतं. महिनाभरात खरी हौस आहे की नुसती नवलाई, हे दोघांनाही कळेल.

अडॅप्टर मात्र स्वतः तपासा. अशा बहुतेक पेडलना ९ व्होल्टचा डी.सी. अडॅप्टर लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. घरातल्या जुन्या खेळण्याचा अडॅप्टर याच्या उलटा असू शकतो, तो लावला तर पेडल बिघडू शकतं. पेडलवर आणि अडॅप्टरवर छापलेलं धन-ऋणाचं चित्र जुळवून बघा. आणि सदनिकेत राहत असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की खालचे सूर भिंतीतून उंच सुरांपेक्षा सहज पलीकडे जातात. सरावाची वेळ शेजाऱ्यांना विचारून ठरवलेली बरी.

डोकं चालवा

पांढरी पाचच्या, म्हणजे 'जी' च्या १० भोकांच्या बाजात पहिल्या भोकात फुंकलं की १९६ कंपनांचा सूर येतो. पेडलनं तो दोन सप्तकं खाली नेला तर किती कंपनं होतील? आणि तो सूर तुमच्या घरातल्या रेडिओच्या छोट्या स्पीकरमधून नीट ऐकू येईल का? कारणासह लिहा. उत्तर पुढच्या अंकात. तोवर ज्यांच्याकडे १० भोकांचा बाजा आहे त्यांनी जिभेचा कपलर लावून बघा आणि कितव्या दिवशी जमला ते कळवा.

तुमच्या बाई